जाऊबाईंचं उरलंसुरलं

आमच्या घरात थोरल्या जाऊबाईंना कुणी कधी फसवू शकलं नाही. त्याचं श्रेय अकलेला नव्हतं, नाकाला होतं. अक्कल थोडीफार माझ्याकडेही होती, पण नाक त्यांचंच. मी खालच्या मजल्यावर दूध करपवलं की वरून हाक यायची, "अगं, दूध बघ." मी त्याच ओट्याशी उभी असायची आणि मला पत्ता नसायचा. आमचे हे लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मित्राबरोबर सिगारेट ओढून घरी आले. जिन्यात जाऊबाई भेटल्या. बोलल्या काही नाहीत, नुसत्या थबकल्या आणि अंग चोरून वर गेल्या. माझ्या तीन महिन्यांच्या भांडणानं जी सिगारेट सुटली नव्हती, ती त्या एका थबकण्यानं सुटली. मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात माझा आठवडाभर जळफळाट झाला.

हे नाक वाया गेलं असंही नाही. सुक्या मेव्याच्या एका भट्टीत त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. पत्र्याची लांबलचक शेड, एका टोकाला भाजायची फिरती पिंपं, दुसऱ्या टोकाला माल यायचा दरवाजा, आणि दरवाज्याशी जाऊबाईंचं टेबल. आलेल्या प्रत्येक पोत्यातून मूठभर माल त्यांच्यापुढे यायचा. बदाम, काजू, शेंगदाणे, अक्रोड, जे असेल ते. त्या चार दाणे तळहातावर चोळायच्या, तोंडाची वाफ सोडायच्या आणि हुंगायच्या. पोतं आत, नाहीतर पोतं परत. दोन पोत्यांच्या मधे स्वतःच्या कोपराच्या खळीत नाक घालायच्या, म्हणजे आधीचा वास पुसला जायचा. कामाच्या दिवशी डोक्याला तेल नाही, अंगाला पावडर नाही, जेवणात कच्चा कांदा नाही. नवीन माणूस कामाला लागला की त्या चांगल्या दाण्यांत एक खवट अक्रोड मिसळून त्याच्यापुढे बशी ठेवायच्या आणि अगदी प्रेमानं म्हणायच्या, घ्या, खा. जो भिडेखातर गिळायचा तो पोती उचलायला जायचा. जो तोंड वाकडं करून थुंकायचा त्याला निवडीच्या टेबलावर जागा मिळायची. भट्टीचे मुकादम स्वतः याच परीक्षेतून वर आले होते आणि केस पांढरे झाले तरी ती गोष्ट येईल त्याला ऐकवायचे.

जाऊबाईंचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, पंख्यांच्या जळालेल्या मोटरी भरून द्यायचे. जिन्याखालच्या खोलीत तांब्याच्या तारेची रिळं आणि व्हार्निशचा डबा घेऊन दिवसभर बसलेले असायचे. स्वभाव इतका गोड की त्यांच्या मताला काडीची किंमत नव्हती. भात कच्चा राहिला तरी "मस्त", भाजीत मीठ विसरलं तरी "मस्त". जाऊबाई म्हणायच्या, यांना विचारण्यापेक्षा भिंतीला विचारलेलं बरं, भिंत निदान गप्प बसते. पण म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मला माझ्या संसारात फारसं सापडलं नाही, आणि त्याचाही मला राग यायचा.

आता उरलंसुरलं म्हणजे काय ते सांगते. सणाच्या दिवसांत आमच्या इमारतीत घरोघर सुक्या मेव्याच्या बशा भरून ठेवलेल्या असतात. पाहुणे येतात, काजू तेवढे निवडून खातात आणि जातात. आठवड्यानं बशीच्या तळाशी राहतात ते शेंगदाणे, मोडके बदाम आणि कुणालाच नको असलेले अक्रोड, वर मिठाचा चुरा. हे टाकवतही नाही आणि खाववतही नाही. जाऊबाई लग्न होऊन आल्या त्याच वर्षी त्यांनी घरातलं असलं सगळं गोळा करून त्याचं दाट, मऊ लोणी केलं. बाजारात आता त्याला नट बटर म्हणतात आणि ते देखण्या बाटल्यांतून मिळतं. आमच्याकडे त्याचं नाव उरलंसुरलं पडलं ते पडलंच. पुढे शेजारपाजारचेही आपापलं उरलेलं पिशवीत घालून वर पाठवायला लागले. प्रत्येक घराचा घाणा वेगळा, बाटली वेगळी, ज्याचं त्याला परत. पिशवी उघडली की जाऊबाई त्या घराचं पितळ उघडं पाडायच्या. कोपऱ्यातल्या घरात पिस्ते एकटा सासराच खातो, टरफलं तेवढी आलीत. समोरच्यांनी यंदा पाहुण्यांपुढे गेल्या वर्षीचे बदाम ठेवले. मी पोट धरून हसायची आणि मनातून घाबरायची, कारण माझीही पिशवी त्यांच्याकडेच जायची.

कृती म्हणावी तर काहीच नाही. दाणे जाडसर फडक्यात घालून चोळायचे, म्हणजे मीठ आणि सालं सुटतात. पाणी मुळीच लावायचं नाही, थेंब जरी गेला तरी घाणा आळतो आणि चार दिवसांत बुरशी धरतो. मग दाणे ताटात पसरून मूठ मूठ हुंगायचे आणि खवट असतील ते बाजूला काढायचे. चार खवट अक्रोड अख्ख्या घाण्याची वाट लावतात. उरलेले कढईत मंद आचेवर गरम करायचे आणि कोमट असतानाच मिक्सरला लावायचे. आधी कूट होतं. मग ते कूट भांड्याच्या कडांना चिकटून बसतं आणि मिक्सर नुसता ओरडतो. इथे बाकीच्या बायका घाबरून तेल ओततात. जाऊबाई मिक्सर बंद करायच्या, चमच्यानं कडा खरवडायच्या, मोटर निवेपर्यंत थांबायच्या आणि पुन्हा लावायच्या. चार-पाच वेळा असं झालं की दाण्यांचं स्वतःचं तेल सुटतं आणि घट्ट गोळा एकाएकी सैल होऊन गरगर फिरायला लागतो. दोन वेळा मिक्सरची मोटर जळाली. दोन्ही वेळा भाऊजींनी ती भरून दिली आणि चमचा चाटून "मस्त" म्हणाले.

पहिल्या घाण्याची पहिली वाटी माझ्याकडे यायची. माझी काही योग्यता होती म्हणून नाही, माझ्या तोंडामुळे. माझ्या जिभेला हाड नाही हे मला आधी आईनं सांगितलं, मग शाळेतल्या बाईंनी, मग सासूबाईंनी. पुढे कुणी सांगायची गरज उरली नाही. वाटी आली की मी चमचाभर खायची आणि लगेच जिना चढून दोष सांगायला जायची. मीठ जास्त झालंय. टाळूला चिकटतं. बदामाची सालं राहिलीत. जरा जास्तच भाजलंत. एका वर्षी काहीच सापडेना तेव्हा मी बाटलीच्या झाकणाला नावं ठेवली. सव्वीस वर्षांत एकदाही चांगलं म्हटलं नाही. त्या हातातलं काम न सोडता ऐकायच्या, "बरं" म्हणायच्या, आणि पुढचा घाणा सुधारलेला असायचा. मला वाटायचं, मी यांचा तोरा उतरवते आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. आठ दिवस अंथरुणाला खिळल्या, बऱ्या झाल्या, आणि महिन्याभरात त्यांनी भट्टीची नोकरी सोडली. गुडघे दुखतात म्हणाल्या. मुकादम दोनदा घरी येऊन गेले, काम खुर्चीवर बसूनच तर आहे म्हणाले, पण यांनी ऐकलं नाही. त्यानंतरच्या वर्षात मी निदान सहा वेळा दूध करपवलं आणि वरून एकदाही हाक आली नाही. मी आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, जाऊबाई निवळल्या हो, आता दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत नाहीत. अशी मी हुशार.

मग भाऊजींना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं, आणि गिळता येईना. पाणी दिलं तर ठसका लागून डोळे पांढरे व्हायचे, भात दिला तर शितं गालात तशीच राहायची. डॉक्टरांनी बजावलं, पाणी आणि पातळ काही तोंडानं द्यायचं नाही, ते श्वासनळीत जाईल. पाण्यासाठी वेगळी नळी घातली. तोंडानं द्यायचं ते दाटसर आणि गुळगुळीत, कण नसलेलं, आणि वजन उतरतंय ते काही करून थांबवायला हवं. जाऊबाई सगळं घोटून, गाळून द्यायच्या. भाऊजी दोन चमचे घ्यायचे आणि ओठ मिटायचे. जन्मभर "मस्त" म्हणणारा माणूस तोंड फिरवायला लागला. त्यांचं मनगटी घड्याळ सरकत सरकत कोपराकडे गेलं तेव्हा जाऊबाईंनी ते काढून कपाटात ठेवलं. वाटी हातात घेऊन त्या समोर बसून राहायच्या आणि वाटीतलं थिजून जायचं. त्या दिवसांत मी जिना हळू चढायला शिकले.

सण आला आणि गेला. मला वाटलं, यंदा कुठलं उरलंसुरलं. पण आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेल्या जाऊबाई मोठी पिशवी घेऊन घरोघर गेल्या. यांना ते आवडतं, थोड्या दुधात कालवून दाटच ठेवलं तर घशाखाली उतरेल, म्हणाल्या. त्यांना दुसरं काही नको होतं, भाऊजींनी आवडीनं चार घास खावेत एवढंच हवं होतं. लोकांनी सढळ हातानं दिलं. बशांतलं दिलं, वर कपाटांतले भेटीचे डबे काढून दिले. ते डबे कोणत्या वर्षीचे हे कुणी पाहिलं नाही. या खेपेला जाऊबाईंनी घरोघरचे घाणे वेगळे केले नाहीत. सगळं एकत्र करून मोठ्या बरण्या भरल्या, त्यातलीच एकेक बाटली लोकांना परत केली. आणि नेहमीसारखी पहिली वाटी खाली आली.

मी चमचा तोंडात घातला आणि तशीच उभी राहिले. खवट. कुठे एखादा दाणा नजरचुकीनं गेला असा नाही, आरपार खवट.

खरं सांगायचं तर मला आधी आनंद झाला. सव्वीस वर्षं मी मिठाला आणि झाकणांना नावं ठेवत होते, आणि आज भट्टीच्या त्या मोठ्या नाकाखालून खवट माल सुटला होता. जिना चढताना मी वाक्यं जुळवत होते. ती कुठली हे आता सांगायची लाज वाटते.

वर भाऊजी खिडकीजवळच्या खुर्चीत होते, गळ्यात पंचा बांधलेला, आणि जाऊबाई त्यांना तेच भरवत होत्या. महिन्याभरात मी पाहिलं नव्हतं ते पाहिलं, भाऊजी तोंड उघडत होते. गिळायला वेळ लागत होता, मान पुढे करून डोळे मिटून घ्यावे लागत होते, पण घास उतरला की पुन्हा तोंड उघडत होते. वाटी संपली. जाऊबाईंनी ती मला दाखवली, लहान मुलीनं पाटी दाखवावी तशी, आणि धुवायला आत गेल्या. मी "ताई" म्हणून तोंड उघडलं तेवढ्यात भाऊजींनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं.

"बोलू नकोस तिला," ते म्हणाले. एकेक शब्द उचलून ठेवावा लागत होता त्यांना.

"भाऊजी, खवट आहे हो ते," मी हळूच म्हटलं.

"माहीत आहे. तिला वास येत नाही. तापापासून." थोडं थांबून, श्वास घेऊन म्हणाले, "मला सांगितलं नाही तिनं. मी ओळखलं. माझ्यासाठी एवढंच करता येतंय तिला आता. मी खातो."

व्हार्निशचा डबा खोलीत लवंडला होता आणि जाऊबाई शेजारी बसून कपड्यांच्या घड्या करत राहिल्या होत्या, तेव्हाच भाऊजींनी ओळखलं होतं, हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. त्या क्षणी मला फक्त माझी सहा वेळा करपलेली दुधं आठवली.

जाऊबाई हात पुसत बाहेर आल्या. "काय गं, यंदा काय कमी पडलं?"

"काही नाही, ताई. छान झालंय."

"खरंच?"

"खरंच. इतकं छान आजवर झालं नव्हतं."

ते शेवटचं वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. जाऊबाई पलंगाच्या कडेला बसल्या. त्या हसल्या, पोटातून. तशाच बसल्या बसल्या त्यांनी कोपराच्या खळीत तोंड लपवलं आणि बराच वेळ वर केलं नाही. मी मनाशी म्हटलं, माणसानं आयुष्यात एकदा तरी खोटं बोलायला शिकावं, किती सोपं आहे आणि किती सुख देतं.

त्यानंतर मी ज्या हिरिरीनं ते खोटं सांभाळलं, त्या हिरिरीनं आजवर दुसरं काही सांभाळलं नाही. त्याच संध्याकाळी इमारतीतल्या प्रत्येक दारी गेले आणि बजावलं, बाटली टाकून द्यायची असेल तर द्या, पण वर जाऊन बोलायचं फक्त चांगलं. लोक भले. त्यांनी बाटल्या धुऊन पुसून परत केल्या आणि कुणी कुणी तर अजून आहे का म्हणून विचारलं. रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडून जाऊबाई म्हणाल्या, यंदा सगळ्यांनी पटकन संपवलं. एकदा मी बाजारातून चांगली बाटली आणली, म्हटलं हळूच बदलून टाकावी. त्यांनी रंगावरून ओळखली. घरात एवढं असताना विकत कशाला आणलंस, म्हणाल्या, आणि माझ्या हातात परत ठेवली. मग मी प्रयत्न सोडला. मला वाटलं, भाऊजींनी स्वतःच ठरवलंय, मी कोण मधे पडणारी.

दोन महिने भाऊजींनी ते खाल्लं. सकाळी एक वाटी, दुपारी एक वाटी. दुसरं काही दिलं तर ओठ मिटायचे, हे दिलं की उघडायचे. जाऊबाई येईल त्याला सांगायच्या, ह्यांना माझ्या हातचं हेच हवं, दुसरं काही चालत नाही. भाऊजींच्या अंगावर जरा मांस चढलं, डॉक्टरांनीही शाबासकी दिली. जाऊबाईंनी घड्याळ कपाटातून काढून पुन्हा त्यांच्या मनगटावर बांधून पाहिलं. आणि मग एका सकाळी, वाटी संपल्यावर, दुसरा झटका आला. दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं. जाऊबाई रडल्या, पण लोकांना सांगताना त्यांच्या आवाजात एक समाधानही होतं. शेवटच्या दिवशीसुद्धा आवडीचं खाऊन गेले, असं त्या सांगायच्या, आणि मी त्यांच्या शेजारी बसून मान हलवायची.

महिन्याभरानं भट्टीचे मुकादम भेटायला आले. कामाच्या गडबडीत त्यांना आधी यायला जमलं नव्हतं, त्याचंच त्यांना ओशाळं वाटत होतं. मीही वर होते. जाऊबाईंनी चहा केला, पावाच्या दोन कापांना शेवटच्या बरणीतलं उरलंसुरलं लावलं आणि बशी त्यांच्यापुढे ठेवली. घ्या, खा, म्हणाल्या. मला जागेवरून उठायलाही सुचलं नाही. इमारतीतल्या लोकांची तोंडं मी बांधून ठेवली होती, हा माणूस इमारतीबाहेरचा होता.

मुकादमांनी एक घास घेतला, चावला, थांबले. मग त्यांचा चेहरा खुलला. हातरुमालात घास थुंकून ते हसले.

"बाई, अजून परीक्षा घेता होय? पण आम्ही तुमच्या हाताखालचे. खवट आहे हे, अक्रोड, निदान दोन वर्षांचा."

जुन्या दिवसांची आठवण म्हणून बाईंनी मुद्दाम केलं, अशीच त्यांची समजूत झाली. परीक्षेत पास झाल्याच्या आनंदात ते आणखी बरंच बोलले. नवीन पोरांना वास कळत नाही, तुमच्या टेबलावर अजून कुणी टिकत नाही, वगैरे. जाऊबाई हो हो म्हणत होत्या. त्यांनी बशी उचलली, मुकादमांना बिस्किटं दिली, जिन्यापर्यंत पोचवून आल्या. दार लावलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"तुला वाटी पाठवली होती मी."

"हो."

"तुला कळलं नव्हतं?"

खोटं बोलायची तेव्हाही सोय होती. माझी जीभ बधिर झाली होती, मला काहीच कळत नाही हो, असं काहीही म्हणता आलं असतं. मी सगळं सांगितलं. भाऊजींनी मनगट धरलं ते, काय म्हणाले ते, आणि मी दारोदार फिरले तेही. त्या ऐकत होत्या, आणि या वेळी त्यांच्या हातात काम नव्हतं.

"माझं नाक गेलंय हे मला माहीत होतं गं," शेवटी त्या म्हणाल्या. "कुणाला सांगायची लाज वाटली. एकतीस वर्षं त्याच्यावरच तर जगले. पण ह्यांच्या पोटात जाणारं मी तसंच कसं करीन? रंग पाहिला, हातानं चोळून पाहिलं, आणि तुला वाटी पाठवली. ह्यांना विचारून उपयोग नव्हता, ते कशालाही मस्तच म्हणणार. म्हटलं, काही बिघडलं असेल तर ही जिना चढून येईल आणि चार बोल सुनावेल. टाकून देऊ, दुसरं करू. तू आलीस आणि छान म्हणालीस. त्या दिवशी मी त्यांना आणखी एक वाटी भरवली."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, ताई."

"सव्वीस वर्षं कधी वाटलं होतं का मला?"

सव्वीस वर्षं मी तोंडाळ म्हणून ज्या घरात मिरवले, तिथे माझ्या तोंडाची गरज एकदाच पडली होती. त्या दिवशी मी चांगली वागले. मी रडायला लागले तर त्यांनी मला रडू दिलं नाही. उठून बरणी आणली, चमचा आणला आणि स्वतः एक चमचा खाल्ला. सावकाश, जिभेवर फिरवून, भट्टीतल्या टेबलाशी बसून माल पारखायच्या तसा.

"मला नुसतं खारट लागतं," त्या म्हणाल्या. "जरासं गोड. बाकी काही नाही. तू सांग, कसं लागायचं त्यांना?"

मी नको म्हटलं. त्यांनी चमचा भरून माझ्यापुढे धरला. "तुला सांगता येतं. नेहमी सांगतेस तसं सांग."

मी तोंड उघडलं आणि खाल्लं. बरणी आता आणखी महिनाभर जुनी झाली होती. मी म्हटलं, आधी मीठच लागतं. मग जुन्या तेलरंगाच्या डब्याचा वास येतो, तो नाकात चढतो. मग जिभेच्या मागच्या बाजूला कडू लागायला लागतं. त्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या, पोतं परत करताना हलवत असतील तशी.

"आणि गिळल्यावर?"

"गिळल्यावर घशाला खाजतं, ताई. ते कडू जात नाही. वरून भरपूर पाणी प्यावंसं वाटतं."

जाऊबाईंनी बरणीचं झाकण लावलं आणि ते घट्ट बसलं तरी फिरवतच राहिल्या.

"पाणी तर आपण देत नव्हतो त्यांना," त्या म्हणाल्या.

"नाही, ताई," मी म्हटलं.